तैनाती आणि फीत

संपादक घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "अप्पा, तुम्ही निजामाच्या फौजेत होता. लढाईच्या दिवसांवर अंकासाठी काहीतरी खणखणीत लिहून द्या." त्यांच्या डोळ्यांपुढं तोफा आणि धुराळा असावा. मी फौजेत होतो हे खरं, पण बंदूक माझ्या हाती फारशी आलीच नाही. मी खेचरांच्या तुकडीत मुन्शी होतो. रोज सकाळी गिनती झाली की आज कुणी चारा आणायचा, कुणी पाणी पाजायचं, कुणी ओझी घेऊन जायचं आणि कुणी भटारखान्यात बसायचं, हे मी ठरवायचो. आमच्या भाषेत याला तैनाती म्हणत. पुढं राज्य बदललं, फौज मोडली, मी मोटारींच्या डेपोत लागलो आणि तिथंही जन्मभर ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्याच लावल्या. तेव्हा मी तैनातीबद्दलच लिहिणार. ज्यांना तोफा पाहिजेत त्यांनी पान उलटावं.

काम वाटणं लोकांना सोपं वाटतं. माणसं आहेत, कामं आहेत, नेमून दिली की झालं. पण फौजेत आज तुम्ही ज्या माणसाला जिथं उभं करता, तिथूनच त्याची पुढची वाट सुरू होते किंवा बंद होते. पाणी वाहणाऱ्याला कुणी नाईक करत नाही, कारण पाणी वाहणाऱ्यांना हुकूम द्यायला नाईक लागत नाही. चुलीपुढं बसवलेला चुलीपुढंच म्हातारा होतो. म्हणून तैनाती देणाऱ्यानं एक डोळा आजच्या कामावर ठेवावा आणि दुसरा त्या माणसाच्या दंडावर. तिथं बढतीची फीत कधी आणि कशी चढणार, याचा विचार ज्याला नाही त्यानं माणसं हाताळू नयेत. हे मत माझं तेव्हा झालं आणि अजून तसूभरही बदललेलं नाही.

आमचं घर नळदुर्गचं, किराणा-भुसाराचं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू, त्यामुळं तिन्ही भाषा मला सारख्याच यायच्या. महायुद्धाची लढाई लांबत चालली तशी सरकारी फौजेत नवी भरती निघाली आणि ओझी वाहणाऱ्या खेचरांची एक तुकडी आमच्याच गावाबाहेर, सोलापूरच्या रस्त्याकडेला, माळावर उभी राहिली. वडील दुकानात बसवणार होते. मी भरतीत जाऊन बसलो. उर्दू लिहिता-वाचता येतं म्हटल्यावर सुभेदारसाहेबांनी मला मुन्शी केलं आणि लवकरच लान्स नाईकची एक फीतही दिली. म्हणजे माझी तैनाती मला फळली. बाकीच्यांचं तसं नव्हतं.

भरतीच्या दिवशी वाशी, तेर, तुळजापूरकडची पोरं रांगेनं उभी. कारकून विचारायचा, "नाम? बाप का नाम? गाँव? पेशा?" आणि पेशा म्हटलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "शेती." शिंपी शेती सांगायचा, कुंभार शेती सांगायचा, सुतार शेती सांगायचा. कारकून सगळ्यांपुढं 'काश्तकार' लिहून मोकळा. मी शेजारी उभा राहून हसत होतो, कारण त्यातल्या निम्म्यांना मी बाजारात आपापला माल विकताना बघितलं होतं.

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. तेव्हा आमच्याकडं सरकारी माणसानं विचारलं की हातातली कला लपवायची अशी रीत होती. सुतार आहे म्हटलं की आलाच साहेबाच्या मेजाचा पाय दुरुस्त करायला, शिंपी म्हटलं की आलाच डगला शिवायला, आणि सगळं वेठीचं, फुकट. शेतकरी म्हटलं की निदान त्या दिवसापुरती सुटका. ही सवय पोरांच्या हाडीमासी भिनलेली होती. पण फौजेत वेठ नव्हती, पगार होता, आणि हातकाम येणाऱ्याला वर चढायची वेगळी वाट होती. ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यामुळं सगळे काश्तकार आणि सगळे खेचरांच्या मागे.

आणि खेचरं तरी कुणाला माहीत होती? आमची पोरं बैलांत वाढलेली. पहिल्याच दिवशी तेरच्या एकाचं खेचर जागचं हलेना, तर त्यानं बैलाला करतात तसं मागून जाऊन त्याची शेपटी पिरगाळली. खेचरानं अशी लाथ झाडली की पोरगं चाऱ्याच्या गंजीत जाऊन पडलं. वर म्हणतं कसं, "मुन्शीजी, ह्याला शिकवण न्हाय!" सुभेदारसाहेबांनी कपाळाला हात लावला. ते हैदराबादकडचे, करड्या मिशांचे, तोंडानं कडक आणि मनानं बरे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मुन्शी, ये तुम्हारे जिल्हे के लोगां जानवर कू बैलच समजते क्या?" मी म्हटलं, "साहेब, आठ दिवसांत खेचर समजू लागतील." लागलेही.

यांच्यात वाशीकडचा एक ज्ञानोबा होता. अंगानं सडपातळ, बोलणं कमी. खेचर कसलंही अवखळ असो, त्याच्या हाताखाली गरीब व्हायचं. ओझं दोन्ही बाजूंना सारखं बसवणं हे या कामातलं मुख्य कसब. एक बाजू जड झाली की पालाण घसरतं, पाठ सोलते आणि जनावर महिनाभर निकामी होतं. ज्ञानोबानं भरलेलं ओझं कधी घसरलं नाही. त्याचा नाईक होता भगवंतराव, त्याच्याच गावच्या पाटलांच्या घरातला. माणूस वाईट नव्हता, जनावरांवर त्याचा जीव होता, पण ज्ञानोबाला तो गावातल्यासारखंच 'ज्ञान्या' म्हणायचा आणि 'ज्ञान्या' म्हणून हाक आली की ज्ञानोबा धावायचा.

एकदा विहिरीवरच्या पोहऱ्याची कडी तुटली. दुसऱ्या दिवशी बघतो तर जोडलेली, आणि जोडही साफ. कुणी केलं म्हणून विचारलं तर सगळे गप्प. मग ज्ञानोबा खेचराला खरारा करत असताना माझं लक्ष त्याच्या हातांवर गेलं. कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक बारीक डाग.

"हे कशाचे रे?"

"चुलीचं हाय, अप्पा."

"चुलीत काय कोपरापर्यंत हात घालतोस?"

तो खाली बघून खरारा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाप लोहार हाय माझा. म्याबी भात्यावरच वाढलो. पर कुनाला बोलू नगा."

मला आनंदच झाला. आमच्या तुकडीत नालबंदाची, म्हणजे खेचरांना नाल ठोकणाऱ्याची, एक जागा रिकामी होती. एकटा नालबंद होता तो पिचून गेला होता. नालबंदाचा जिना वेगळा असतो. हाताची परीक्षा पास झाली की त्याला नाईकची फीत, आणि पुढं हवालदारापर्यंत वाट मोकळी. खेचरांमागं चालणाऱ्यांत फिती मोजक्या आणि उमेदवार माळभर. तो लोहार आहे हे न बोलता, याच्या हाताला लोखंडकाम येतं एवढंच मी सुभेदारसाहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बघू, हात चालवून दाखवू दे.

आणि तिथं घोटाळा झाला. आमच्याकडं बैलाला पत्र्या मारायच्या तर दोर टाकून बैल आडवा पाडतात, चारी पाय बांधतात आणि मग ठोकतात. उभा बैल पाय देत नाही. ज्ञानोबानं लोखंडाचं सगळं काम केलेलं, बाजारच्या दिवशी बैलांना पत्र्याही मारलेल्या, पण खेचराला कधी नाल ठोकलेला नव्हता. सुभेदारसाहेबांसमोर त्यानं आधी दोर मागितला. मला वाटलं, बांधायला पाहिजे असेल. त्यानं झटक्यात खेचराच्या पायांत फास टाकला आणि ते जनावर धाडकन भुईवर. नालबंदाच्या भट्टीकडं तो कधी फिरकलेलाच नव्हता, त्यामुळं खेचरं उभी राहूनच नाल मारून घेतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. खेचर किंचाळलं, लाथा झाडत उठलं आणि दोर घेऊन माळभर पळत सुटलं. अख्खी तुकडी पोट धरून हसली. भगवंतराव सगळ्यांत मोठ्यानं. सुभेदारसाहेब म्हणाले, "बस्स. इसकू खेचर के पीछे रहने दो."

संध्याकाळी ज्ञानोबा मला टाळत होता. मी त्याला गाठलंच. "खेचर उभं करून ठोकायला शिकशील ना?" तर तो म्हणाला, "नगं अप्पा. झालं तेवढं लई झालं."

"अरे, फीत मिळेल. पगार वाढेल."

"अप्पा, तुमाला न्हाय कळायचं." मग मात्र तो बोलू लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. "आमी बलुतेदार. सुगीला खळ्यावर जाऊन हुबं राहायचं. मालकानं सूप भरून दिलं तर दिलं, न्हायतर उद्या ये म्हनायचा. बापानं पोटाला चिमटा घेऊन दीड एकर घेतली. आमच्या घरान्यात पयली जमीन. हिकडं निघालो तवा बाप म्हनला, कुनी इचारलं तर शेतकरी हाय म्हनून सांग, आता तू लोहार न्हाईस. आन् आता म्या सायबापुढं हुबा राहून लोहार हाय म्हनू? ह्या भगवंत पाटलाच्या म्होरं?"

आमच्या दुकानात येणारी माणसं वडिलांना मान देऊन बोलत, आणि तो मान कुठून येतो याचा मी कधी विचार केला नव्हता. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि तरीही मला ते मान्य नव्हतं. मी म्हटलं, "ज्ञानोबा, साहेबाला काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण हाताला जे येतं ते सोडून आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमावर ओझं भरत राहायचं, हे तुझ्या बापाला चालेल का?" दुसऱ्या दिवशी गिनतीत मी त्याचं नाव नालबंदाच्या भट्टीवर भाता ओढायला घातलं, तेव्हा तो निमूटपणे गेला.

आता भगवंतराव तापला. "मुन्शीजी, माजा चांगला मानूस कामून काढला? मोकळी गाढवं लई हायत की."

इथंच सगळी गोम आहे. पुढंही डेपोत मी हेच बघत आलो. निकामी माणसाला सोडायला सगळे तयार असतात. जो चांगला काम करतो त्याला मात्र वरचा माणूस जागेवर खिळवून ठेवतो, आणि त्याच्या चांगुलपणाचीच त्याला शिक्षा होते. ज्ञानोबाची ओझी घसरली असती तर भगवंतरावानं त्याला भट्टीवर पाठवताना पानसुपारी वाटली असती. मी भगवंतरावाला तसं तोंडावर म्हणालो. तो सरळ सुभेदारसाहेबांकडं गेला.

सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं. "मुन्शी, मेरे कू कल तुकडी चलानी है, मदरसा नहीं चलाना." त्यांचंही खोटं नव्हतं. उद्या ओझी निघायची तर आज भरणारे हात लागतात, हे मलाही कळत होतं. पण मी हट्टाला पेटलो होतो. मी म्हटलं, "साहेब, तुकडी उद्या चालेल, परवा चालेल, पण एका नालबंदावर ती किती दिवस चालेल? तो आजारी पडला तर अनवाणी खेचरं दगडांवरून नेणार का? आणि या माणसाला फीत मिळणारच नसेल तर तो जीव लावून काम का करील? दिवसभर नको, दुपारचा वेळ द्या. सकाळची ओझी तो भरून जाईल."

"और वो तुम्हारा काश्तकार फिर खेचर कू लिटाया तो?"

"तर माझी फीत काढा, साहेब."

बोलून गेलो खरा. घरी वडिलांना काय सांगणार होतो देव जाणे. साहेबांनी मिशीला पीळ दिला, माझ्याकडं पाहिलं आणि दुपारचा वेळ दिला. फीत काढायची गोष्ट मात्र त्यांनी नीट लक्षात ठेवली आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग ज्ञानोबा दुपारी भट्टीवर. जुन्या नालबंदानं त्याला शिकवलं. खेचराच्या खांद्याला खांदा लावायचा, हात पायावरून खाली सरकवायचा, खूर उचलून मांडीवर घ्यायचा. खूर कापायचा, कानस फिरवायची, तापलेला नाल क्षणभर टेकवून बसतो का बघायचं. खिळा तिरपा मारायचा, सरळ मारला तर तो जिवंत मांसात जातो आणि जनावर लंगडतं. लोखंड त्याच्या हातातलंच होतं, खूर मात्र नवा होता. पहिल्या काही दिवसांत त्यानं दोन खेचरं लंगडी केली. भगवंतराव ती मुद्दाम माझ्यासमोरून चालवत नेई. मी तोंड फिरवत नसे. ज्ञानोबाही मागं हटला नाही. बोटं सुजली तरी दुपार झाली की तो भट्टीवर हजर. आता मी त्याला ढकलत नव्हतो, तोच मला विचारायचा, "परीक्षा कवा हाय, अप्पा?"

परीक्षेला कप्तानसाहेब आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. माळाच्या कडेला बाजारकरूंची गर्दी झाली. वाशीकडचे लोकही त्यात होते आणि डोक्याला मुंडासं बांधलेला एक वाकलेला म्हातारा काठीवर रेलून उभा होता. तो ज्ञानोबाचा बाप आहे हे मला भगवंतरावानंच सांगितलं.

ज्ञानोबानं दोर मागितला नाही. खेचराच्या मानेवरून हात फिरवला, खांदा लावला आणि पाय उचलला. चारी नाल बसवायला त्याला जुन्या नालबंदापेक्षा बराच जास्त वेळ लागला. एका नालाची कड त्याला दोनदा ठोकावी लागली. शेवटी खेचर चालवून बघितलं, ते सरळ चाललं. कप्तानसाहेबांनी मान हलवली. मग भरतीचा कागद बघून ते उर्दूत म्हणाले, इथं काश्तकार लिहिलंय, या माणसाचा खरा पेशा काय? काश्तकार असेल तर याला नालबंदाच्या जागेवर घेता येणार नाही.

प्रश्न मराठीत सांगायचं काम माझं होतं. मला वाटलं, त्याच्या वतीनं आपणच काहीतरी सांगून टाकावं, सगळ्यांदेखत त्याला तोंड उघडायला लावू नये. पण ते माझं नव्हतं, त्याचं होतं. मी म्हटलं, "ज्ञानोबा, साहेब विचारतात, तुझा धंदा काय?"

तो भगवंतरावाकडं बघेल असं मला वाटलं. तो बापाकडं बघत होता. मग त्यानं टाचा जुळवल्या आणि बाजारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"लोहार, साहेब. दीड एकर जमीनबी हाय माझी. ती आमी लोहारकामावर घेतली."

मी उर्दूत जसंच्या तसं सांगितलं. कप्तानसाहेबांनी 'ठीक' म्हटलं आणि तिथल्या तिथं नालबंदाची जागा दिली. म्हातारा गर्दीतून पुढं आला नाही. तो मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसत होता.

त्यानंतर भरतीला येणाऱ्या पोरांना पेशा विचारायचं मी सुभेदारसाहेबांना सांगून बंदच करवलं. हाताला काय काय येतं, एवढंच आम्ही विचारू लागलो, आणि इथं वेठ नाही हे आधी सांगायचो. तरी आधीच्यांचं जे झालं ते झालं. तेरचा एक शिंपी, नुसत्या नजरेनं अंगाचं माप सांगणारा, फौज मोडेपर्यंत पाणीच वाहत राहिला. त्याच्यासाठी मी फार धडपडलो, पण शिंप्याची जागाच तुकडीत नव्हती. ते अजून सलतं.

ज्ञानोबाची फीत पुढच्या आठवड्यात आली. त्यानं ती स्वतःच दंडावर शिवली आणि जाऊन भट्टी पेटवली. नाल बदलायची खेचरं घेऊन माणसं ओळीनं उभी होती. तेवढ्यात भगवंतराव आपलं खेचर घेऊन आला, आणि गावात चालतं तसं ओळीला वळसा घालून थेट पुढं आला. भट्टीपाशी येऊन थबकला. त्यानं ज्ञानोबाच्या दंडावरची फीत बघितली, घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला 'ज्ञान्या' म्हणाला नाही.

"नाईक," तो म्हणाला, "जरा माज्या खेचराचा नाल बगता का?"

ज्ञानोबानं निखाऱ्यातून सांडशीनं तापलेला नाल काढला, त्याचा रंग बघितला आणि मान वर न करता म्हणाला,

"बगतो की, नाईक. मागं जाऊन हुबं ऱ्हावा. पाळी आली की बगतो."